शब्दचर्चा: अश्शूर, असिरियन, सिरियॅक आणि सुरेथ

प्रश्न

एका लेखाच्या भाषांतरात 'असिरियन' हा शब्द तीन अर्थांनी येतो आहे: निनवेच्या प्राचीन राजांसाठी, इराक-इराण-तुर्कस्तानातल्या आजच्या ख्रिस्ती समाजासाठी आणि एका भाषेसाठी. तिन्हीकडे मराठीत एकच शब्द ठेवावा का? मध्येच 'सिरियन' आणि 'सिरियॅक'ही आले आहेत.

उत्तर

लोकांसाठी एकच शब्द ठेवलात तर निभावेल. भाषेसाठी मात्र अजिबात नाही.

मूळ शब्द 'अश्शूर'. हे तैग्रिस नदीकाठच्या शहराचं नाव (आजचं इराकमधलं कलात शेरकात) आणि तिथल्या दैवताचंही. मराठी बायबलात 'अश्शूर' हे रूप हिब्रूवरून आलं आहे आणि ते मूळ उच्चाराला चांगलंच धरून आहे, जोड 'श'सकट. ग्रीकांकडे 'श' नव्हता, म्हणून त्यांनी 'असिरिया' केलं आणि तेच युरोपभर गेलं. आपल्याकडे 'श' असताना प्राचीन राज्याला 'अश्शूर' किंवा 'अश्शूरी साम्राज्य' न म्हणण्याचं कारण दिसत नाही. आजच्या समाजासाठी 'असिरियन' रूढ आहे, ते राहू द्या.

एक धोका तेवढा सांभाळा. दोन शब्द वापरल्याने ही दोन निराळी माणसं आहेत असं वाचकाला वाटू शकतं. अश्शूर शहर इ. स. पू. ६१४ मध्ये आणि राजधानी निनवे ६१२ मध्ये पडली. राज्य संपलं, पण प्रदेशाचं नाव पुसलं गेलं नाही. इराणी सम्राट दारियसच्या बेहिस्तुन शिलालेखात तोच प्रांत 'अथुरा' म्हणून येतो. हा 'थ' अरामाईक वळणाचा. आजचे असिरियन स्वतःला 'आतुराया' म्हणतात, ते याच रूपावरून. पहिल्या उल्लेखाला 'असिरियन (प्राचीन अश्शूरचं नाव चालवणारा समाज)' असं एकदा लिहिलंत की पुरे.

भर: 'सिरियन'बद्दल

या समाजात 'आतुराया'पेक्षा 'सुराया' (अनेकवचन 'सुराये') जास्त ऐकू येतो. तो आणि 'सिरिया' हे दोन्ही 'अश्शूर'मधूनच आले, हा जुना तर्क होता. १९९७ मध्ये तुर्कस्तानात अडानाजवळ चिनेकॉय इथे इ. स. पू. आठव्या शतकातला एक द्विभाषी लेख मिळाला आणि तर्काला भक्कम आधार आला. फिनिशियन मजकुरात जिथे 'अश्शूर' आहे, तिथे लुवियन (अनातोलियातली प्राचीन भाषा) मजकुरात 'सुर-' आहे. आरंभीचा 'अ' गळाला, एवढंच. अरण्याचं रान आणि अरघट्टाचा रहाट करणाऱ्या मराठीला यात नवल वाटू नये.

पण व्युत्पत्ती एक म्हणून आजचा अर्थ एक होत नाही. 'सिरियन' लिहिलं की वाचकाला दमास्कस आठवतं. स्वीडिश भाषेने यावर दोन शब्द केले: सिरिया देशाचे नागरिक ते 'सिरियर' आणि हा समाज तो 'सिरियानर'. सिरियॅक ऑर्थोडॉक्स चर्चच्या धर्मसभेनेही २००० साली 'सिरियन'ऐवजी 'सिरियॅक' वापरण्याची शिफारस केली. म्हणून मराठीत देशासाठी 'सिरियन', आणि चर्च, लिपी, ग्रंथभाषा यांसाठी 'सिरियॅक' असं वाटून घ्यावं. अपवाद केरळचा. 'सिरियन ख्रिश्चन' हे तिथलं रूढ नाव आहे, ते बदलू नका. मात्र ते लोक सिरियातून आले असंही लिहू नका. नाव उपासनेच्या भाषेवरून पडलं आहे.

भाषेचं काय?

इथे सर्वात जास्त घोळ होतो, कारण 'असिरियन' हे नाव दोन वेगळ्या भाषांना लागतं.

निनवेच्या इष्टिकालेखांची भाषा अक्कडियन. कीलाकार लिपीतली, आज कुणीही न बोलणारी. एकोणिसाव्या शतकात पहिली मोठी उत्खननं अश्शूरच्या प्रदेशात झाली म्हणून तिला 'असिरियन' म्हणू लागले आणि ते नाव चिकटलं. शिकागो विद्यापीठाचा २१ खंडांचा 'असिरियन कोश' १९२१ मध्ये सुरू होऊन २०११ मध्ये पूर्ण झाला. त्यात आहे ती अक्कडियनच. त्याचा दाखला आजच्या भाषेसाठी देऊ नये.

आजची भाषा अरामाईक कुळातली. बावीस अक्षरांची अरामाईक अश्शूरच्याच राज्यात कारभारात शिरली आणि हळूहळू अक्कडियनला तिने बाजूला सारलं. पुढे एडेसाची (आजचं उर्फा) बोली ख्रिस्ती ग्रंथभाषा झाली, ती सिरियॅक. बोलीभाषेला लोक 'सुरेथ' म्हणतात. पश्चिमेकडे, आग्नेय तुर्कस्तानातल्या तूर आब्दीनमध्ये, 'तुरोयो' आहे, म्हणजे डोंगराची. तिचे बोलणारे तिला 'सुरायत'ही म्हणतात. इराकच्या २००५ च्या राज्यघटनेत, जिथे या लोकांची वस्ती दाट आहे त्या भागांत, अधिकृत भाषा म्हणून 'सिरियॅक' हेच नाव आहे. तिथे भाषांतरात 'सुरेथ' करू नका.

उपप्रश्न: मग सुरेथ म्हणजे अर्वाचीन सिरियॅक, असं म्हटलं तर?

नको. सुरेथ ही सिरियॅकची लेक नव्हे, पुतणी म्हणा हवं तर. व्याकरणच वेगळ्या वाटेने गेलं आहे, आणि ही वाट मराठी माणसाला ओळखीची आहे. सिरियॅकमध्ये 'त्याने लिहिलं' याला एकच जुनं सेमिटिक क्रियापद, 'क्तव'. सुरेथमध्ये कर्मणी धातुसाधिताला 'त्याला' या अर्थाचा प्रत्यय जोडून भूतकाळ होतो. 'ग्रिश्ले' म्हणजे त्याने (पुल्लिंगी वस्तू) ओढली आणि 'ग्रिशाले' म्हणजे त्याने (स्त्रीलिंगी वस्तू) ओढली. आपल्याकडे 'त्याने दोर ओढला' आणि 'त्याने दोरी ओढली' यात क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलतं, तसंच. शेजारच्या इराणी भाषांचा, विशेषतः कुर्दीचा, हा परिणाम मानतात. फरक असा की ख्रिस्ती लोकांच्या बोलींत अकर्मक क्रियापदालाही तोच प्रत्यय लागतो: 'किम्ले', तो उठला.

'येशूची भाषा' हेही टाळा. येशूची गालीलची बोली पश्चिम शाखेतली, सुरेथ पूर्वेकडची. पश्चिम शाखेची बोली सिरियातल्या मालूला, बखआ आणि जुब्बादीन या गावांतल्या लोकांकडे टिकून आहे. त्यातल्या शेवटच्या दोन गावांतले बोलणारे मुसलमान आहेत. म्हणजे अरामाईक बोलणारा प्रत्येक जण असिरियन, हेही गृहीत धरता येत नाही. उत्तर इराकमधल्या झाखोच्या ज्यूंची बोलीही याच कुळातली.

लिप्यंतर: 'सुरेथ' की 'सुरेत'?

दोन्ही बरोबर, गाव कुठलं त्यावर. जुना घर्षक 'थ' ('थिंक'मधला, आपला महाप्राण 'थ' नव्हे) बोलीगणिक बदलला. घराला अल्कोशमध्ये 'बेथा', इराणमधल्या उर्मियात 'बेता', तियारीत 'बेशा', झाखोच्या ज्यूंत 'बेसा' आणि अर्बिलच्या ज्यूंत चक्क 'बेला'. त्यामुळे एका लेखात एकाच बोलीची रूपं धरावीत. मोसुलच्या मैदानातल्या अल्कोशसारख्या गावांबद्दल 'सुरेथ' आणि उर्मियाबद्दल 'सुरेत'.

'ख' उर्दू 'ख़'सारखा घासून येतो, नुक्ता द्यावा. ख़ा (एक), त्रे (दोन), ख़म्शा (पाच). १ एप्रिलचं नववर्ष 'ख़ा ब-नीसान', म्हणजे नीसान महिन्याची पहिली. दीर्घ 'आ' पूर्वेकडे 'आ'च राहतो, पश्चिमेकडे 'ओ' होतो: श्लामा आणि श्लोमो. म्हणून 'सुराया' आणि 'सुरयोयो' ही नावं वेगळ्या जमातींची समजू नका.

आणखी एक: असुर म्हणजेच अश्शूर का?

नाही. 'असुर' वेदांत वरुणालाही लागतं आणि त्याचा सख्खा भाऊ अवेस्तातला 'अहुर' आहे. शिवाय अश्शूरमध्ये जोड 'श' आणि दीर्घ 'ऊ', असुरमध्ये 'स' आणि ऱ्हस्व 'उ'. कानाला गोड लागतं म्हणून हे समीकरण दर दिवाळी अंकात परत येतं.

'खाल्डियन' आणि 'नेस्टोरियन'

सोळाव्या शतकात पूर्वेच्या चर्चमधला एक गट रोमशी जोडला गेला, त्याला 'खाल्डियन' हे नाव मिळालं. मराठी बायबलातले 'खास्दी' हे बॅबिलोनचे प्राचीन लोक, त्यामुळे या चर्चसाठी 'खास्दी' वापरू नये. 'नेस्टोरियन' हे विरोधकांनी दिलेलं नाव. 'पूर्वेचं चर्च' लिहावं. त्रिशूरचं 'खाल्डियन सिरियन चर्च' मात्र नावात खाल्डियन असूनही रोमकडे नाही, असिरियन चर्चकडे आहे. तिथे नाव जसंच्या तसं ठेवून कंसात खुलासा द्या.