'डिपोर्टेशन'ला मराठीत काय म्हणावं? हद्दपारी, तडीपारी, परत पाठवणी की आणखी काही?

पूर्वकिनारा:
न्यू जर्सीत राहते. इथल्या मराठी कुटुंबांसाठी, आणि मुलांकडे येऊन राहणाऱ्या आईवडिलांसाठी खास करून, इमिग्रेशनच्या कारवाईत आपले हक्क काय असतात याचं माहितीपत्रक मराठीत करते आहे. बरंचसं झालंय. 'डिटेन्शन'ला स्थानबद्धता, 'हेबिअस कॉर्पस'ला (अटकेतल्या माणसाला न्यायालयापुढे आणायला लावणारी याचिका) बंदी प्रत्यक्षीकरण असे रुळलेले शब्द मिळाले. अडलंय ते 'डिपोर्टेशन'वर.

५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ भारतीयांना बेड्या घालून अमृतसरला उतरवलं, त्यांत तिघं महाराष्ट्रातले होते. त्या वेळच्या मराठी बातम्यांत 'हद्दपार', 'परत पाठवणी', 'मायदेशी रवानगी' सगळंच वाचलं. एकाच घटनेचे हे तीन शब्द मला तरी एका अर्थाचे वाटत नाहीत. शिवाय १९९६ च्या कायद्यानंतर इथल्या कागदांवर बहुतेक ठिकाणी 'डिपोर्टेशन'ऐवजी 'रिमूव्हल' असतं. कोणता शब्द वापरू?

कऱ्हाकाठ:
हद्दपारी. सगळ्यांना कळतं, विषय संपला.

मुद्रितशोधक:
कळतं, पण काय कळतं ते बघा. 'पोलिओ हद्दपार', 'प्लास्टिक हद्दपार', 'संघातून हद्दपार' असे मथळे मी रोज तपासतो. नको असलेली वस्तू कायमची नाहीशी करणं, असा या शब्दाचा रोजचा वापर झाला आहे. त्याच्या जोडीला पोलिसांची हद्दपारी आहेच. 'सराईत गुन्हेगार दोन जिल्ह्यांतून हद्दपार' ही बातमी वाचून वाढलेल्या माणसाला 'अमक्याला अमेरिकेतून हद्दपार केले' म्हटलं की तो गुन्हेगारच असणार, असं वाटतं. मुदत संपूनही राहिलेला विद्यार्थी आणि खंडणीखोर एकाच खणात जातात.

पूर्वकिनारा:
हीच माझी भीती. पत्रक वाचणारी आजी घाबरून अधिकाऱ्यांना दार उघडेल ती या शब्दामुळे.

जुनाकायदा:
सविस्तर लिहितो, कारण या शब्दांची गल्लत झाली की हक्कांचीही होते. (वकिली केली आहे, आता निवृत्त.)

'तडीपार' आणि 'हद्दपार' हे पोलिसी अर्थाने आपल्याकडे एकच. तड म्हणजे काठ, कड. काम 'तडीस' नेतो तीच तड. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ (पूर्वीचा मुंबई पोलीस अधिनियम) याची कलमे ५५, ५६ आणि ५७ ही त्याची मुळं. टोळी, गुन्हा करण्याचा संभव असलेली व्यक्ती आणि पूर्वी शिक्षा झालेली व्यक्ती अशा तीन प्रकारच्या लोकांना ठरावीक प्रदेशाबाहेर काढता येतं. आता मर्यादा पाहा. कलम ५८ प्रमाणे जास्तीत जास्त दोन वर्षं. कलम ५९ प्रमाणे आधी नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी. कलम ६० प्रमाणे राज्य सरकारकडे अपील. जालना जिल्ह्यातून हद्दपार केलेल्या एका माणसाच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये आदेश रद्द केला. न्या. अभय ओक यांनी निकालात लिहिलं की हा असाधारण उपाय आहे, यामुळे माणूस स्वतःच्या घरात कुटुंबासह राहू शकत नाही, त्याची रोजीरोटीही जाऊ शकते; म्हणून तो क्वचितच वापरावा. आधार होता अनुच्छेद १९(१)(घ), देशभर मुक्तपणे फिरण्याचा हक्क.

हा हक्क 'नागरिकां'ना आहे. परदेशी माणसाला नाही. म्हणून देशातल्या देशात हद्दपार केलेल्याच्या हातात जे हत्यार आहे, ते देशाबाहेर काढलेल्याच्या हातात नाही. दोन्हींना एकच शब्द वापरला तर वाचकाला हे कधीच दिसणार नाही.

रेवदंडा:
नागरिकाला तरी ते हत्यार पहिल्यापासून नीट चाललं असं नाही. डॉ. ना. भा. खरे यांचा खटला आठवा. पनवेलला जन्मलेले, मध्य प्रांताचे माजी पंतप्रधान (प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा असंच म्हणत), तेव्हा हिंदुमहासभेचे अध्यक्ष. राज्यघटना लागू होऊन दोन महिनेच झाले होते आणि ३१ मार्च १९५० ला दिल्लीच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांनी त्यांना तीन महिने दिल्लीबाहेर राहण्याचा हुकूम दिला. ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तीन विरुद्ध दोन असे हरले. त्यांचं राजकारण मला पटत नाही, पण न्या. महाजन आणि न्या. मुखर्जी यांचं विरोधी मत मला आजही बहुमतापेक्षा सरस वाटतं. विरोधी पक्षाच्या माणसाला राजधानीतून काढायला एका अधिकाऱ्याची खात्री पटणं पुरेसं ठरावं, हे घटनेच्या पहिल्याच वर्षी झालं.

जुनाकायदा:
बरोबर. आणि त्याच्या मागे जुनी परंपरा आहे. पुण्याच्या सरदार नातू बंधूंना १८९७ मध्ये खटला न चालवता डांबलं ते १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन २५ खाली. लाला लजपतरायांना १९०७ मध्ये मंडालेला नेलं ते १८१८ च्या रेग्युलेशन ३ खाली, तेही बिनखटल्याचं. टिळकांना १९०८ मध्ये मंडालेला पाठवलं तो प्रकार कायद्याने वेगळा: खटला झाला, ज्युरी बसली, सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ठिकाण तेच, पण एक शिक्षा आणि दुसरा प्रशासकीय हुकूम. आपण इतिहासात दोघांनाही 'हद्दपार' म्हणून मोकळे होतो.

मुद्रितशोधक:
यात 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक बी. जी. हॉर्निमन घाला. एप्रिल १९१९ मध्ये सरकारने त्यांना मुंबईतून उचलून इंग्लंडच्या बोटीवर बसवलं. खटला नाही. ते इंग्रजच, म्हणजे सरकारने त्यांना त्यांच्या 'मायदेशी' पाठवलं! १९२६ पर्यंत त्यांना परत येता आलं नाही. फोर्टातल्या चौकाला त्यांचं नाव आहे. हॉर्निमनना 'परत पाठवलं' असं कोणताही मराठी माणूस म्हणणार नाही, म्हणू नये.

कऱ्हाकाठ:
इतिहास छान आहे, पण मूळ मुद्दा सुटतोय. कोणत्याही देशाला आपल्या घरात कोण राहील हे ठरवायचा अधिकार आहे. अमेरिकेला आहे, भारतालाही आहे. नियम मोडून राहिलेल्याला बाहेर काढलं तर त्याला दुःखाचे शब्द कशाला शोधायचे? घुसखोराला घुसखोर म्हणा. आसामच्या लोकांनी सहा वर्षं आंदोलन केलं ते काही शब्दांच्या खेळासाठी नाही.

जुनाकायदा:
अधिकार आहे हे मान्य. सर्वोच्च न्यायालयाने १९५५ च्या हान्स म्युलर खटल्यात तो अगदी निखळ शब्दांत मान्य केला: परकीयाला देशाबाहेर काढण्याची सरकारची सत्ता पूर्ण आणि अनिर्बंध. आसामचं म्हणाल तर २००५ मध्ये न्यायालयाने १९८३ चा आयएमडीटी कायदा (अवैध स्थलांतरित कोण हे न्यायाधिकरणांनी ठरवण्याचा) रद्द करताना स्थलांतराला बाह्य आक्रमणाच्या जोडीला बसवलं. तुमच्या बाजूचे निकाल कमी नाहीत, आणि आसामी माणसाची काळजी खोटी नाही.

पण सत्ता अनिर्बंध असली तरी ती 'परकीया'वर आहे. समोरचा परकीय आहे का, हे आधी ठरायला हवं. आणि इथेच गंमत नाही, धोका आहे: परकीय कायद्यात ते सिद्ध करण्याचं ओझं सरकारवर नाही, त्या माणसावर आहे. १९४६ च्या कायद्यात होतं, १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही आहे. आसामच्या नागरिक नोंदवहीच्या ३१ ऑगस्ट २०१९ च्या यादीतून १९,०६,६५७ माणसं बाहेर राहिली. ते सगळे घुसखोर, असं ती यादी करणाऱ्यांनीही म्हटलं नाही. पुढे न्यायाधिकरणं होती.

'घुसखोर' शब्दाबद्दल. १९९९ मध्ये कारगिलच्या डोंगरांवर बंदुका घेऊन बसलेल्यांना आपण घुसखोर म्हणत होतो, ते योग्यच होतं. नागरिकत्व कायद्यातली संज्ञा आहे 'अवैध स्थलांतरित', आणि तीत दोन प्रकार येतात: कागदपत्रांविना आलेला, आणि रीतसर येऊन मुदतीनंतर राहिलेला. दुसरा कुठेही घुसलेला नाही. विमानतळावर शिक्का मारून आला आहे.

कऱ्हाकाठ:
दुसऱ्या प्रकाराचं पटतं. पहिल्याला मी घुसखोरच म्हणणार.

रेवदंडा:
म्हणा, पण ठरल्यावर म्हणा. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी ठरवून सीमेपलीकडे ढकललं गेलं. ते भारतीय निघाले आणि सीमा सुरक्षा दलाला त्यांना परत घ्यावं लागलं. मुंबई-ठाण्यात गवंडीकाम करणारी माणसं ही. त्यांच्याबद्दल 'बांगलादेशात परत पाठवणी' असं लिहिणं म्हणजे छापील असत्य आहे. 'परत' या शब्दात तो माणूस तिथून आला होता हे गृहीत आहे. नोटीस नाही, सुनावणी नाही, फक्त रात्रीची सीमा. इंग्रजी वृत्तपत्रं 'पुशबॅक' म्हणतात. मराठीत मी 'सीमेपार ढकलणे' असंच म्हणेन. ढकललं तर ढकललं म्हणावं. इथे मला खरोखर राग येतो, कारण गोड शब्द लावला की कोणी कोणत्या हुकमाने ढकललं हे विचारायचं राहून जातं.

मुद्रितशोधक:
'पाठवणी'बद्दल आणखी एक. आपल्याकडे पाठवणी होते ती मुलीची, लग्नानंतर. डोळे पुसत का होईना, मायेने केलेली गोष्ट. पायात साखळी घातलेल्या माणसाला हा शब्द लावताना माझा हात थांबतो.

घरचाअभ्यास:
शासकीय परिभाषेत 'निष्कासन' चालेल का?

मुद्रितशोधक:
अर्थाने चालेल. पण महापालिकांच्या पत्रकांत 'अनधिकृत बांधकामांचे निष्कासन' रोज असतं. टपऱ्या, पत्र्याची शेड, होर्डिंग. माणसासाठी नको.

घरचाअभ्यास:
आणि प्रत्यार्पण?

मुद्रितशोधक:
प्रत्यर्पण. प्रति + अर्पण, मध्ये काना नाही. तो पूर्ण वेगळा प्रकार: एक देश मागतो, दुसरा सोपवतो, खटला चालवण्यासाठी. २६/११ च्या कटातला आरोपी तहव्वूर राणा १० एप्रिल २०२५ ला दिल्लीत आणला गेला, ते प्रत्यर्पण.

पूर्वकिनारा:
जुनाकायदा सर, इथला एक प्रश्न. इथल्या वकिलांनी सांगितलं की डिपोर्टेशन ही कायद्याने 'शिक्षा' नाही, म्हणून फौजदारी आरोपीला मिळतो तसा सरकारी खर्चाने वकील मिळत नाही. हे मराठीत कसं समजावू? आमच्या लोकांना ती शिक्षाच वाटते.

जुनाकायदा:
त्यांनी बरोबर सांगितलं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९३ च्या फाँग यू टिंग खटल्यात चिनी मजुरांच्या बाबतीत हे ठरवलं: देशाबाहेर काढणं ही गुन्ह्याची शिक्षा नाही. तीनच वर्षांनी, वाँग विंगच्या खटल्यात, त्याच न्यायालयाने दुसरी बाजू सांगितली: काढण्याआधी सक्तमजुरी द्यायची असेल तर मात्र ती शिक्षा, आणि मग ज्युरीसमोर खटला हवा. या दोन निकालांच्या मधल्या पट्ट्यात तिथला माणूस आजही उभा आहे.

शिक्षा नसली तरी कार्यपद्धती हवीच. १७९८ चा 'एलियन एनिमीज' (शत्रुराष्ट्राच्या नागरिकांविषयीचा) कायदा वापरून २०२५ च्या मार्चमध्ये व्हेनेझुएलाच्या माणसांना एल साल्वादोरच्या तुरुंगात धाडलं, त्यावर ७ एप्रिल २०२५ ला न्यायालयाने सांगितलं की पुढे अशा प्रत्येकाला आधी नोटीस द्या, बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका करता येईल इतका वेळ द्या. खटला कुठे दाखल करायचा यावर न्यायमूर्तींत फूट होती, नोटीस हवी यावर नव्हती. आपल्याकडेही रोहिंग्यांच्या प्रकरणात ८ एप्रिल २०२१ ला न्यायालयाने स्थानबद्धांना सोडलं नाही, पण विहित पद्धत पाळल्याशिवाय त्यांना देशाबाहेर काढू नये असं म्हटलं. अनुच्छेद २१ मध्ये 'नागरिक' नाही, 'व्यक्ती' आहे. अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांबद्दलच्या १९९६ च्या निकालाचा सगळा भार त्या एका शब्दावर आहे.

म्हणून माझी सूचना: 'देशाबाहेर काढणे'. साधं क्रियापद. जबरदस्ती लपत नाही, गुन्ह्याचा वास येत नाही, आणि वाक्यात कर्ता घालावा लागतो. 'न्यायाधीशाने देशाबाहेर काढण्याचा हुकूम दिला' आणि 'अधिकाऱ्याने देशाबाहेर काढण्याचा हुकूम दिला' यांतला फरक आजीलाही कळेल. नाम हवंच तर 'देशाबाहेर काढण्याचा हुकूम'.

कऱ्हाकाठ:
याला माझी हरकत नाही. कडकही आहे आणि खरंही आहे.

पूर्वकिनारा:
मला पूर्ण पटलं. वॉरंटच्या भागातही हेच करते: 'न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट' आणि 'खात्याच्या अधिकाऱ्याच्या सहीचं वॉरंट' असं सलग लिहिते, कारण दार उघडायचं की नाही हे त्या सहीवर ठरतं. 'डिपोर्टेशन' हा शब्द देवनागरीत एकदा देऊन ठेवते, कागदावर दिसला तर ओळखता यावा म्हणून.

शेवटचं: 'व्हॉलंटरी डिपार्चर'. 'स्वेच्छेने प्रस्थान' लिहिलं होतं, आवडत नाहीये.

जुनाकायदा:
नकोच. कारवाई सुरू झाल्यावर, दुसरी वाट अवघड दिसत असताना पत्करलेली ही तडजोड असते. सुनावणी संपण्याआधी मिळाली तर जास्तीत जास्त १२० दिवस, सुनावणीच्या शेवटी मिळाली तर ६०. प्रवासाचा खर्च बहुधा स्वतःचा. फायदा हा की काढण्याचा हुकूम नावावर लागत नाही, आणि त्या हुकमामुळे येणारी परत येण्यावरची बंदी टळते. मुदतीत गेलं नाही तर दंड होतो आणि दहा वर्षं इतर काही सवलती बंद होतात. 'मुदतीत स्वतःहून देश सोडण्याची परवानगी' असं लिहा, आणि त्याच ओळीत 'सही करण्याआधी वकिलाला विचारा' हे ठळक अक्षरात टाका.