कानबाईचा बॅनर पुढच्या वर्षी परत वापरायचाय, फाइल कशात सेव्ह करायची?

तापीकाठ, चोपडा:
मंडळाचा कानबाईच्या उत्सवाचा बॅनर जिम्प २.१० मध्ये (फोटो-डिझाइनचं सॉफ्टवेअर) केलाय. १० बाय ८ फूट, ७२ डीपीआय (इंचाला ७२ पिक्सेल). फोटो, नावं, तारीख सगळ्यांचे वेगळे लेअर (एकावर एक ठेवलेले थर) आहेत. नुसती जेपीजी ठेवली तर पुढच्या श्रावणात तारीख आणि पाहुण्यांची नावं बदलता येतील का? जिम्पची स्वतःची एक्ससीएफ फाइल फार मोठी होतेय, आणि प्रिंटवाला पीएसडी (फोटोशॉपची फाइल) मागतोय.

अक्षरजुळणी, धुळे:
नाही भाऊ, जेपीजीत लेअर राहतच नाहीत. सगळं एकत्र चिकटतं. वर ती ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकटी करून दाबली जाते, म्हणून लाल पट्टीवरच्या पिवळ्या अक्षरांच्या कडेला मळकट ठिपके येतात. तारीख खोडायची म्हटलं तर मागची पट्टीही नव्याने रंगवावी लागेल.

मूळ फाइल म्हणून एक्ससीएफच ठेवा. जिम्पमध्ये कंट्रोल+एस दाबलं की एक्ससीएफ होते, जेपीजीसाठी कंट्रोल+शिफ्ट+ई. २०१२ च्या २.८ पासून हे असंच आहे. घोळ होतो तो खिडकी बंद करताना. बदल सेव्ह झालेले नाहीत असं जिम्प सांगतो, आपल्याला वाटतं जेपीजी तर निघाली, आणि 'डिस्कार्ड चेंजेस' दाबलं जातं. लेअर तिथेच गेले. सेव्हच दाबा.

एक्ससीएफमध्ये लेअर, मास्क (लेअरचा भाग न पुसता झाकणारा पडदा), चॅनल, पाथ, गाइड, अगदी सिलेक्शनसुद्धा राहतं. अनडू हिस्टरी (केलेले बदल मागे घ्यायची यादी) मात्र राहत नाही, फाइल बंद केली की संपली. त्यामुळे फोटोची मागची बाजू इरेझरने पुसू नका, लेअर मास्क लावून काळ्या ब्रशने झाका. पुढच्या वर्षी पांढरा ब्रश फिरवला की फोटो परत येतो.

खानदेशी_ग्राफिक्स, भुसावळ:
साइजचं सांगतो. तुमचा कॅनव्हास ८६४० बाय ६९१२ पिक्सेलचा, म्हणजे जवळपास ६ कोटी पिक्सेल. एका पिक्सेलला ४ बाइट धरले तर पूर्ण कॅनव्हासएवढा एकेक लेअर मेमरीत सुमारे २४० एमबी खातो. छोटा लोगो किंवा तोरण पूर्ण साइजच्या लेअरवर पडून असेल तर लेअर मेनूतलं 'क्रॉप टू कंटेंट' करा, कडेची रिकामी जागा निघून जाते. सेव्हच्या खिडकीत जास्त कॉम्प्रेशनचा चौकोन आहे, तो टिक करा. सेव्ह व्हायला वेळ लागतो आणि २.१० च्या आधीच्या जिम्पमध्ये ती फाइल उघडत नाही, पण चित्राला काही होत नाही. जागा वाचवायला लेअर मर्ज करू नका, मग एक्ससीएफ ठेवून उपयोग काय!

अक्षरजुळणी, धुळे:
पीएसडीचं राहिलं. फोटोशॉप एक्ससीएफ उघडत नाही, म्हणून ते पीएसडी मागतात. पण जिम्प २.१० मधून पीएसडी एक्स्पोर्ट केली की लेअर वेगळे राहतात, मजकुराचं मात्र चित्र होतं. तारीख टाइप करून बदलता येत नाही. त्यांना फक्त छापायचं असेल तर १०० क्वालिटीची जेपीजी किंवा टिफ पुरते. ती मूळ फाइल समजू नका, एवढंच.

तुमच्याकडेही मजकूर टाइप केलेलाच राहू द्या. टेक्स्ट लेअरवर ब्रश चालवला आणि नंतर टेक्स्ट टूलने क्लिक केलं, तर जिम्प इशारा देतो: एडिट केलं की वरची रंगरंगोटी जाईल. सावली हवी असेल तर खाली वेगळा लेअर घ्या.

तापीकाठ, चोपडा:
समजलं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली तर अक्षरं बदलणार नाहीत ना?

खानदेशी_ग्राफिक्स, भुसावळ:
बदलू शकतात. फॉन्ट एक्ससीएफच्या आत जात नाही, फक्त त्याचं नाव जातं. त्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसेल तर मजकुरात हात घातल्यावर दुसराच फॉन्ट येतो, आणि ओळ पट्टीबाहेर जाते. फॉन्टची टीटीएफ फाइल आणि मूळ फोटो एक्ससीएफच्याच फोल्डरमध्ये ठेवा. टायपिंग युनिकोडमध्ये (सगळ्या कॉम्प्युटरवर चालणारी अक्षरांची पद्धत) करा. जुन्या बिगरयुनिकोड फॉन्टमध्ये केलं असेल तर फॉन्ट नसताना मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते.

फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. छापायची जेपीजी गॅलरीतून फोटो म्हणून गेली की ती लहान होऊन पोचते, आणि १० फुटांवर ताणल्यावर चेहरे फुटतात.