आधी पूर्ण मिनिटभर श्वास मोजा

"कॉलेजात स्किल्स लॅब (पुतळ्यांवर सराव करायची खोली) आहे, मग विद्यार्थ्यांना फॅमिली डॉक्टरकडे कशाला पाठवायचं?" असं वर विचारलंय. मी ठाण्यात, वर्तकनगरला प्रॅक्टिस करतो. ओळखीतली एमबीबीएसची मुलं अधूनमधून दवाखान्यात येऊन बसतात, म्हणून लिहितोय.

टाके घालणं पुतळ्यावरच शिकावं, जरूर. पण तापाने किरकिरणारं दोन वर्षांचं पोर पुतळ्यात कुठून आणणार? मी विद्यार्थ्याला सांगतो, स्टेथोस्कोप राहू दे. बाळ आईच्या मांडीवर शांत होऊ दे, मग झबलं वर करून पूर्ण १ मिनिट श्वास मोज. २ महिने ते १ वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद. सोबत खोकला असेल तर न्यूमोनियाचा विचार हवाच. १५ सेकंद मोजून चारने गुणू नये, कारण बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही.

बीपीचंही तेच. घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून आलेल्या काकांना आधी ५ मिनिटं पाठ टेकून बसवायचं. एका मुलीने काकूंच्या जाड दंडाला छोटा कफ (बीपी मशीनचा पट्टा) बांधला, आकडा चढा आला. मोठा कफ लावल्यावर तो उतरला. नाहीतर काकूंना उगाच गोळी सुरू झाली असती!

दवाखान्यात आधीच गर्दी असते, हा मुद्दा खरा आहे. म्हणून संध्याकाळी नाही, सकाळी ११ नंतर बोलावतो. पेशंटला आधी विचारतो. नको म्हणाले तर विद्यार्थी बाहेर थांबतो.