बर्टुझीची 17 महिन्यांची बंदी

वर कुणीतरी लिहिलंय की व्हँकुव्हर संघाचा आइस हॉकीपटू टॉड बर्टुझी बंदीमुळे 17 महिने बाहेर बसला, अजून किती शिक्षा हवी? आकडा बरोबर आहे, पण फसवा आहे. 8 मार्च 2004 ला त्याने सामन्यात कोलोरॅडो संघाच्या स्टीव्ह मूरला मागून ठोसा मारला आणि ऑगस्ट 2005 मध्ये बंदी उठली. मधला 2004-05 चा अख्खा हंगाम मालक-खेळाडूंच्या पगाराच्या भांडणात रद्द झाला होता, तेव्हा एनएचएलमध्ये (उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमध्ये) कुणीच खेळत नव्हतं. बर्टुझीचे प्रत्यक्षात हुकलेले सामने फक्त 20: साखळीतले 13 आणि प्लेऑफचे, म्हणजे बाद फेरीचे, 7. हां, त्या काळात बाकीचे युरोपात खेळून कमावत होते आणि याला तिथेही मज्जाव होता, हे मान्य. पण 2006 च्या ऑलिंपिकला कॅनडाने त्याला नेलंच की!

आणि 'हॉकीत असे हिशोब चुकते होतातच' हे तर मला अजिबात पटत नाही. मूरने फेब्रुवारीत बर्टुझीच्या संघाचा कर्णधार नॅसलंडला धडक दिली होती, त्याचा राग. पण त्याच रात्री पहिल्या सत्रात मूर बर्टुझीच्याच संघातल्या मॅट कुकशी समोरासमोर मारामारीत भिडला होता. म्हणजे हॉकीवाल्यांच्याच अलिखित नियमाने हिशोब तिथेच मिटला होता. तिसऱ्या सत्रात बर्टुझी त्याच्या मागे मागे फिरला, जर्सी ओढली, मूर वळेना तेव्हा मागून ठोसा. मानेचे तीन मणके मोडले. मूर पुन्हा एकही सामना खेळला नाही. कोर्टात गुन्हा कबूल करून बर्टुझीला काय मिळालं, तर वर्षभराचं प्रोबेशन आणि 80 तास समाजसेवा. मूरचा भरपाईचा दावा मिटायला 2014 उजाडलं.