मदत हवी आहे: होस्टेलच्या मुलींसाठी जेवण आणि शरीराबद्दलचं सत्र

नमस्कार मंडळी,
मी फोंड्याला एका कॉलेजात शिकवते, मुलींच्या होस्टेलचीही जबाबदारी आहे. चवथीची सुट्टी संपवून मुली परतल्या, डब्यातून नेवऱ्या (करंज्या) आल्या. एकीने अर्धी नेवरी रुमालात गुंडाळून ठेवलेली मी पाहिली. तीच मुलगी हल्ली जेवल्याबरोबर बाथरूममध्ये जाते आणि नळ बराच वेळ वाहत राहतो. विचारलं तर म्हणते, "मॅडम, पोट बरं नाही."

तिच्याशी एकटीशी बोलेनच. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत न्यायचीही तयारी आहे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर नोटीस बोर्डावर लावलाय. पण प्रश्न बाकीच्या चाळीसजणींचा आहे. "किती सुटलीस गो!" हे घरी आत्याच म्हणते, वर "काळी पडलीस" असतंच.

खाण्याच्या विकारांची लक्षणं सांगणारं डॉक्टरांचं व्याख्यान मला नकोय, त्यातून नको त्या युक्त्याच कळायच्या. मानसशास्त्रज्ञ एरिक स्टाइस यांच्या 'बॉडी प्रोजेक्ट' या गटसत्रांच्या कार्यक्रमाबद्दल वाचलं. त्यात मुली स्वतःच बारीकपणाच्या हट्टाविरुद्ध बोलतात, लिहितात. आपल्याच तोंडून निघालेलं मनाला जास्त पटतं, अशी त्यामागची कल्पना.

कुणी असं काही मराठीत किंवा कोकणीत घेतलंय का? गटात किती मुली ठेवल्या? मेसच्या मावशींना काय सांगावं? त्या प्रेमानेच "आणखी भात वाढू?" विचारतात आणि ती मुलगी ताट उचलून निघून जाते.

वजन कमी करायचे सल्ले कृपया नकोत.