मदत हवी आहे : मातीच्या खासगी धरणाची धोकाश्रेणी अचानक वाढली

नमस्कार. आमच्या कुटुंबाच्या मालकीचं मातीचं एक छोटं धरण आहे, उंची साधारण ८ मीटर. इतकी वर्षं त्याची धोकाश्रेणी ‘कमी’ होती. या वेळच्या तपासणीनंतर ती थेट ‘उच्च’ झाली. धरणात काहीच बदललेलं नाही; खालच्या अंगाला ओढ्याकाठी घरं झाली आहेत, एवढंच.

माझ्या समजुतीप्रमाणे ही श्रेणी धरण किती मजबूत आहे ते सांगत नाही, ते फुटलं तर खाली काय होईल ते सांगते. प्रत्यक्ष स्थितीचा शेरा वेगळा असतो. हे बरोबर आहे ना? घरात सगळे ‘आता धरण फुटणार’ म्हणून घाबरले आहेत.

पण स्थितीचीही काळजी आहेच. पायथ्याशी एका जागी पाझर दिसतो. पाणी अजून स्वच्छ आहे. गढूळ झालं तर आतून माती वाहतेय असं समजायचं, हे मला माहीत आहे. भरावावर मोठी झाडं आहेत. ती तोडली तर मुळं कुजून पाण्याला वाट मिळेल, ठेवली तर वादळात उन्मळतील. काय करावं?

१९७७ साली अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातलं केली बार्न्स हे असंच मातीचं खासगी धरण रात्री फुटलं आणि ३९ माणसं गेली. ते वाचल्यापासून झोप लागत नाही.

सांडव्याची (धरणातलं जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या वाटेची) क्षमता नव्या श्रेणीप्रमाणे पुन्हा तपासून घ्यावी लागते का? आणि खालच्या घरांसाठी आपत्कालीन आराखडा कुणी केला असेल, तर सुरुवात कुठून केलीत?