मदत हवी आहे: बसल्याजागी नाडी १०४, उठलं की अंधारी, ईसीजी नॉर्मल

गडबडगुंडा: वडील, वय ६३. नुसतं बसलं तरी नाडी १०२-१०६. सकाळी उठले की अंधारी येते. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणतात शुगरमुळे. शुगरचा नाडीशी काय संबंध? लवकर सांगा.

तिरफळ: शुगर किती वर्षं? गोळ्या कुठल्या? झोपून आणि उभं राहून बीपी किती? एवढं लिहा, नाहीतर सगळे अंदाजपंचेच सांगणार.

नाडीपरीक्षक_नव्हे: संबंध आहे. हृदयाला लगाम घालणारी व्हेगस ही स्वायत्त (म्हणजे शरीरातली कामं आपोआप चालवणाऱ्या) नसांमधली सर्वांत लांब. मधुमेहात लांब नसा आधी झिजतात, पायांना मुंग्याही त्यामुळेच. लगाम सुटला की वेग वाढवणाऱ्या नसांना मोकळं रान, म्हणून नाडी १०४. पुढे त्याही झिजतात. मग उभं राहिल्यावर रक्तवाहिन्या आवळल्या जात नाहीत, रक्त पायांत साचतं, बीपी पडतं.

सूर्योदय६: रोज २० मिनिटं अनुलोम-विलोम. बाकी काही नको.

नाडीपरीक्षक_नव्हे: करू देत, पण झिजलेली नस त्याने उगवत नाही. श्वासाचा खरा उपयोग तपासणीत. ईसीजी लावून मिनिटाला ६ श्वास: ५ सेकंद आत, ५ बाहेर. आत घेताना नाडी चढते, सोडताना उतरते. फरक १५ च्या वर तर ठीक, १० च्या खाली तर बिघाड. वयानुसार तो कमी होतो हे धरून वाचायचं. त्या दिवशी आधी चहा-तंबाखू नको.

गडबडगुंडा: शुगर १७ वर्षं. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ९.१. शुगरला मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन, बीपीला टेल्मिसार्टन, प्रोस्टेटला टॅमसुलोसिन, पायांच्या आगीला रात्री अमिट्रिप्टिलिन. बीपी बसून १३८/८२.

तिरफळ: हे आधी सांगायचं की! शेवटच्या चारही गोळ्या उभं राहिल्यावर बीपी पाडू शकतात. अमिट्रिप्टिलिन वर नाडीही वाढवते. परस्पर बंद करू नका, यादी डॉक्टरांपुढे ठेवा. आता ५ मिनिटं आडवे करून मोजा, मग उभे करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. मागे खुर्ची ठेवा, बीपीचा पट्टा बांधलेला हात छातीच्या पातळीवर धरा. लोंबता हात बीपी खोटं वाढवून दाखवतो.

आमसूल: पायांच्या आगीला खोबरेल-कापूर.

सूर्योदय६: मीठ-साखर-पाणी द्या, लगेच तरतरी.

तिरफळ: साखर?? ९.१ वाचलंत ना? मीठही नको, अशांचं बीपी झोपल्यावर चढतं. पाण्यावर बंधन नसेल तर उठण्याआधी साधं पाणी, ४००-५०० मिली, ५ मिनिटांत. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा.

गडबडगुंडा: मोजलं. आडवं १५२/८४, नाडी १०२. पहिल्या मिनिटाला १२८/७६, तिसऱ्याला १२०/७४, नाडी १०८.

नाडीपरीक्षक_नव्हे: वरचं बीपी २० ने पडलं तरी निदानाला पुरे असतं, इथे ३२. एवढं पडून नाडी फक्त ६ ने वाढली. नुसतं पाणी कमी असतं तर ती उसळली असती. हा नसांचाच प्रकार दिसतो. अशा रुग्णाला हार्ट अटॅकमध्ये छातीत दुखेलच असं नाही. अचानक घाम, धाप, मळमळ आली तर ॲसिडिटी समजून बसू नका, तडक ईसीजी.

गडबडगुंडा: स्वायत्त नसांची चाचणी परवा ठरली. आणि ते कापराचं?

तिरफळ: कापूर राहू द्या. त्या चाचणीत नळीत १५ सेकंद जोराने फुंकायला लावतात. डोळ्यांचा पडदा शेवटचा कधी तपासला? रक्तस्राव असेल तर ते फुंकणं टाळतात.